विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि आपलें गुऱ्हाळ

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस पदवीपूर्वीं शेवटच्या वर्षीं एक प्रकल्प सिद्ध करावा लागतो. हे प्रकल्प गांवोगांवच्या लहान उद्योगांच्या कामीं यावेत, असें आतां सर्वत्र म्हटलें जातें. त्याच हेतूनें केंद्र सरकारनें २०१४ सालीं उन्नत भारत अभियान व राज्य सरकारनें २०१६ सालीं उन्नत महाराष्ट्र अभियान हातीं घेतलें. हेतु स्तुत्य खराच. पण तो तडीस जाण्यास काय हवें, ह्याचा विचार आपणही केला पाहिजे.

ही कल्पना आपणांस परकी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. पुढें त्यांनींच कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर बनविला. लोखंडानें जमीन नासते ह्या समजुतीमुळें तो नांगर प्रथम खपेना. तरी त्यांनीं शेतकऱ्याची पाठ सोडली नाहीं, आणि नांगर घरोघर गेला.

आतां कोल्हापुराकडील गुऱ्हाळाचेंच उदाहरण घेऊं. शंभर किलो उसापासून साधारण साठ-पासष्ट किलो रस व त्यापासून दहा-बारा किलो गूळ होतो. म्हणजे किलोभर गुळामागें चार-पांच किलो पाणी आटवावें लागतें. चिपाड पुरतें वाळलेलें नसेल तर त्यांतील ओल उडविण्यांतच बरीच उष्णता खर्च होते, आणि उरलेल्यांतील पुष्कळशी धुराड्यावाटे निघून जाते. त्याच उष्ण धुरावर कच्चा रस आधीं तापवून घेतां आला, तर जळण वांचेल. हें काम विद्यार्थ्यांच्या आवांक्यांतील आहे.

मग अडतें कोठें? पंचांगांत! प्रकल्प पावसाळ्यांत नेमला जातो, तेव्हां चुलवाण थंड असतें. आणि तो संपवून विद्यार्थी परीक्षेस बसतो, तेव्हां हंगाम उलटलेला असतो. एका हिंवाळ्यांत मोजमाप, सुधारणा आणि परीक्षण हीं तिन्ही होत नाहींत. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, काम तिसऱ्या वर्षीं दिवाळीनंतर सुरू व्हावें, सुधारणा उन्हाळ्यांत बसवावी, आणि तिची कसोटी पुढील हंगामांत लागावी.

दुसरी सूचना दप्तराची. महसुलांत तलाठ्याची बदली झाली म्हणजे तो सर्व दप्तर यादीनिशीं नव्या माणसाच्या स्वाधीन करतो. विद्यार्थीही दरसाल बदलतात. जळणाचें वजन, रसाचें माप, चुलवाणाचे नकाशे व काय फसलें ह्याची नोंद मराठींत लिहून एक प्रत गुऱ्हाळमालकास व एक पुढील तुकडीस मिळावी. नाहींतर प्रत्येक तुकडी पहिल्यापासूनच आरंभ करील.

तिसरी गोष्ट आपल्याकडची. नव्या चुलवाणावर एखादें आदण बिघडलें, तर नुकसान एकट्या मालकानें कां सोसावें? फायदा सर्वांचा असेल तर तोटाही गुऱ्हाळवाल्यांनीं वर्गणीनें वांटून घ्यावा. आणि विद्यार्थी आला म्हणजे त्यास नुसता चहा व सहीचा कागद देऊन वाटेस न लावतां, गुळव्याजवळ चार रात्री बसूं द्यावें. गूळ कधीं उतरावा हें जो हातास व डोळ्यास कळतें त्याच्याकडून शिकेल, त्याचेंच यंत्र टिकेल.

येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक तालुक्यांतील एका तरी गुऱ्हाळमालकानें जवळच्या महाविद्यालयास आपली अडचण लिहून कळवावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे. अडचण आपली आहे; तेव्हां पहिलें पत्रही आपलेंच गेलें पाहिजे.