नव्या रोपाला मुदत द्यावी

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. गतवर्षी त्याच दिवसांत मी आमच्या स्पायडर प्लांटच्या लोंबत्या दांड्यांवरील पाच पिल्ले कापून गच्चीवरच्या कुंड्यांत लावली. आठवडाभरात पाचही करपली. दोष उन्हाचा नव्हता, माझ्या घाईचा होता.

मूळचे आफ्रिकेतील हे झाड जाड, मांसल मुळांत पाणी साठवते. पिल्लाजवळ तेवढी शिल्लक नसते. म्हणून यंदा पाऊस स्थिरावल्यावर मातृरोपाशेजारी लहान कुंडी ठेवली आणि दांडी न कापता पिल्लाचा बुंधा ओलसर मातीवर तारेच्या आकड्याने टेकवून ठेवला. तीन आठवड्यांनी हलकेच ओढून पाहिले. रोप हलले नाही. तेव्हाच दांडी कापली.

पुढची निगा साधी आहे. भरपूर उजेड द्यावा, पण थेट ऊन टाळावे. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. ते कुंडीत साचू देऊ नये. पानांची टोके तपकिरी पडू लागल्यास नळाऐवजी साठवलेले पावसाचे पाणी वापरून पाहावे.

वाचकहो, बँकेत नव्या उद्योगाच्या कर्जाचे हप्ते आम्ही काही महिन्यांनंतर सुरू करीत असू. रोपालाही तेवढी मुदत हवी, हे मला निवृत्तीनंतर कळले.