‘एकदा ट्राय तर कर’चा हिशेब

‘अगं, एकदा ट्राय तर करून बघ!’

ऑफिसमध्ये हे वाक्य दिवसातून तीन वेळा तरी कानावर येतंच. सकाळी लिफ्टमध्ये फेसवॉशबद्दल, दुपारी डबा उघडताना लोणच्याबद्दल आणि शुक्रवारी संध्याकाळी ‘आज कुठे?’ या महाप्रश्नावर उतारा म्हणून. पैसे काढताना आपला हात जरा आखडत असेल, पण सल्ला देताना? बॉस, आपण फुल टू दिलदार!

या कॉलमचं दुकानही त्याच दिलदारीवर चालतं. दर आठवड्याला मी तुम्हाला काहीतरी खायला, लावायला, नाहीतर घालायला सांगते. आज जरा दुकानाची मागची बाजू दाखवते. शिफारस करायची कशी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऐकायची कशी, त्याचा हा माझा फंडा. आणि घाबरू नका, खाण्यापिण्याचे पत्ते आहेतच!

‘बेस्ट’, पण कोणाला?

माझी नवी रूममेट उदगीरची. वय बावीस, पहिली नोकरी, अंधेरीत ऑफिस. हातात पडणारा पगार २२ हजार. त्यातले ९ हजार खोलीचे, ५ हजार घरी. उरले ८ हजार. त्यात लोकलचा पास, फोन, साबण, जेवण आणि कुणाचा वाढदिवस निघालाच तर त्याची वर्गणी.

मुंबईत आल्या आल्या तिने काय केलं? जे आपण सगळे करतो तेच. ‘मस्ट ट्राय’ याद्या वाचल्या, रील्स पाहिल्या. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला ६५० रुपयांचा फेसवॉश घेतला. ऑफिसच्या ग्रुपबरोबर सगळ्यांनीच डोक्यावर घेतलेल्या कॅफेत गेली आणि तिच्या वाटणीला ८५० रुपये आले. दोन्ही गोष्टी वाईट होत्या का? मुळीच नाही. फेसवॉश चांगला होता, कॅफेही चकाचक होता. पण ८ हजारांतले दीड हजार गेले. म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, तोही पहिल्या आठवड्यात.

महिन्याच्या २२ तारखेपासून ती रात्री चहा आणि खारीवर आली. मी विचारलं की म्हणायची, ‘ताई, ऑफिसातच जेवून आले.’ ऑफिसचं कॅन्टीन संध्याकाळी पाचला बंद होतं, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून ‘बेस्ट’ या शब्दाशी माझं जरा वाकडंच आहे. पाचपैकी साडेचार तारे देणाऱ्याला समोरच्याचा खिसा माहीत नसतो, तिची त्वचा माहीत नसते आणि आज महिन्याची कितवी तारीख आहे हेही माहीत नसतं. शेजारच्या काकूंना ते माहीत असायचं. म्हणून त्या एकीला म्हणायच्या, ‘तू ते घेऊ नकोस, तुला महाग पडेल,’ आणि दुसरीला म्हणायच्या, ‘तू घे गं, तुला परवडेल.’ वस्तू एकच, सल्ले दोन. आणि दोन्ही बरोबर!

तीन सवाल, मग माल

म्हणून कोणी काही ‘ट्राय कर’ म्हणालं की मी मनातल्या मनात तीन प्रश्न विचारते.

पहिला, पैसे कोणी दिले? माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या घरी सणासुदीला खोके येतात. क्रीम, सिरम, ग्रॅनोला, सुगंधी मेणबत्त्या. सोबत गोड शब्दांतलं कार्ड. मागे एकदा तर कार्डाबरोबर थेट ऑफर आली. दोन परिच्छेद लिही, इतके पैसे घे आणि ‘प्रायोजित’ वगैरे शब्द मध्ये आणू नको. रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या कॉलमइतकी होती. मी नाही म्हटलं. त्यात हिरोगिरी काही नाही, साधा धंद्याचा विचार आहे. तुम्ही माझं वाचता ते मी खरं बोलत असेन या भरवशावर. तो भरवसा एकदा विकला की मग विकायला उरणार काय?

शिवाय असं गुपचूप लिहिणं आता नियमातही बसत नाही. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था असलेल्या ‘अ‍ॅस्की’ने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केले. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगून टाकलं, पैसे, फुकट वस्तू, प्रवास, सवलत, काहीही मिळालं असेल तर ते लोकांना स्पष्ट दिसेल असं सांगा. हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका. त्यामुळे रील बघताना ‘जाहिरात’, ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘पेड प्रमोशन’ हे शब्द शोधायची सवय लावा. ते दिसले म्हणजे माणूस खोटं बोलतोय असं नाही. उलट, तो निदान तेवढं तरी खरं सांगतोय.

दुसरा प्रश्न, कितव्यांदा? नवं हॉटेल उघडलं की पहिल्या आठवड्यात मालक स्वतः टेबलापाशी उभा असतो. खरी परीक्षा तिसऱ्या खेपेला, तीही पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी. शाम्पूचंही तसंच. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच केस सिल्की होतात. बाटली तळाला गेल्यावर तुम्ही स्वतःहून दुसरी आणली, तर ती खरी शिफारस.

तिसरा, कोणासाठी? ‘मला आवडलं’ इथे वाक्य संपत नाही. ‘तेलकट त्वचेला चांगलं’, ‘एकट्याने जायला चांगलं’, ‘पगाराच्या आठवड्यात चांगलं’ इथपर्यंत ते गेलं पाहिजे.

आता पत्ते!

तर आजची यादी ‘टॉप टेन’ नाही. कोणासाठी काय, अशी आहे.

एकट्याने जेवायचंय? ही भानगड मुलींना चांगलीच माहीत आहे. चार जणांच्या टेबलावर एकटी बसली की वेटरपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांना प्रश्न पडतो, ‘कोणी येणारे का?’ अशा वेळी सरळ माटुंगा गाठा. स्टेशनसमोर, बाजाराच्या वरच्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासून. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या. इथे सगळेच जेवायला आलेले असतात, गप्पा मारायला नाही. त्यामुळे एकटं असणं कोणाच्या लक्षातही येत नाही. नुसता नाश्ता हवा असेल तर भांडारकर रोडवरचं राम आश्रय, १९३९ चं. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावं लागतं, हीच त्याची मजा. उपमा, अननसाचा शिरा आणि वर फिल्टर कॉफी. रविवारी सकाळी मात्र रांगेची तयारी ठेवा.

गावाहून आई-बाबा आलेत? दादरला शिवसेना भवनापाशी आस्वाद. १९८६ पासून आहे. इथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या ‘फूडी हब’ पुरस्कारांत जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. तो किस्सा बाबांना सांगायला कामी येतो. पण कोल्हापूरकडची झणझणीत तर्री ज्यांना लागते, त्यांना ही मिसळ सौम्य वाटेल, हेही आधीच सांगते. त्यांनी सरळ थालीपीठ मागवावं. आईला साबुदाणा वडा प्रिय असेल तर शिवाजी पार्कजवळचं प्रकाश. वड्यावर थंडगार पियुष घ्या आणि मग घरी जाऊन झोपा. दुसरं काही करण्याच्या लायकीचे तुम्ही उरत नाही.

खिसा रिकामा, जीव मात्र खवळलेला? कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव. वड्याबरोबर पावात कुरकुरीत चुरा घालतात. खरं सांगू? अर्धं गिऱ्हाईक त्या चुऱ्यासाठीच येत असणार. आणि एखाद्या मित्राशी तासभर बोलायचं असेल, पण कॉफी शॉपचं बिल परवडणार नसेल, तर धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोरचं क्यानी, १९०४ पासूनचं. ब्रून मस्का चहात बुडवून खायचा. कोरडा खाल्लात तर दातांच्या डॉक्टरची शिफारसही माझ्याकडूनच घ्यावी लागेल.

आणि रोजचं जेवण? हा प्रश्न कुठल्याही चकचकीत यादीत नसतो, पण आपल्यातल्या निम्म्या जणांचा खरा प्रश्न हाच आहे. माझं उत्तर, तुमच्या स्टेशनजवळचं पोळी-भाजी केंद्र. नाव कुठलंही असो. आमच्या गल्लीत तीन पोळ्या आणि एक भाजी ८० रुपयांच्या आत मिळते. रोज रात्री घेतली तरी महिन्याला २,४०० च्या वर जात नाही. वरणभात घरी लावला की ताट पूर्ण. केंद्र निवडायची माझी युक्ती सोपी आहे. संध्याकाळी साडेसातला जा. ऑफिसातून परतणाऱ्या बायकांची रांग असेल तर डोळे झाकून घ्या. रोज स्वतः चार घरचं खाणं रांधणारी बाई जिथून पोळ्या विकत घेते, त्याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? माझी रूममेट आता तिथली रोजची गिऱ्हाईक आहे. मावशी तिला चौथी पोळी कधीकधी तशीच देतात.

घरात काय आणू?

टीप नंबर एक, पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला माहिती. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. म्हणजे जे सगळ्यात जास्त, ते सगळ्यात आधी. पुढे गव्हाच्या लोंब्यांचं चित्र आणि मागे पहिला शब्द ‘मैदा’ असेल, तर काय ते समजून घ्या. तिथेच एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. नसेल तर पाकीट परत फळीवर.

टीप नंबर दोन, एमआरपीशेजारी आता प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही छापलेली असते. तीच बघा. ‘मोठं पाकीट स्वस्त’ हे दरवेळी खरं नसतं. आणि खरं असलं तरी महिनाअखेरीला अख्खा पैसा एका डब्यात अडकवण्यात शहाणपण नाही.

टीप नंबर तीन, चेहऱ्याला लावायची कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून पाहा. मैत्रिणीच्या गालाला चाललं म्हणून तुमच्या गालाला चालेलच असं नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर थंडीत फुटलेल्या टाचांना आजीचं कैलास जीवन झिंदाबाद. वासाची सवय व्हावी लागते, रूममेटलाही!

आणि मुंबईच्या पावसासाठी? पर्समध्ये मावणाऱ्या घडीच्या छत्र्या दिसतात गोंडस, पण मरीन ड्राइव्हच्या एका वाऱ्यात त्यांचं कमळ होतं. लांब दांड्याची काळी छत्री घ्या. कोल्हापुरी चपला तेवढ्या चार महिने कपाटात ठेवा. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला तो अस्सल चामड्याचा माल आहे, चिखलात बुडवायला नाही.

जाता जाता, बिल वाचा!

हॉटेल कितीही आवडलं तरी बिल शेवटपर्यंत वाचायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात लावू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. कोणी लावलाच तर शांतपणे काढायला सांगा, नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वेटरला टीप मात्र जरूर द्या, त्याच्या हातात.

आणि कोणी तुम्हाला विचारलं, ‘यार, चांगलं कुठलं?’ तर लगेच नाव फेकू नका. आधी उलट विचारा, ‘कशासाठी हवंय? किती खर्च करायचाय?’ अर्धं मिनिट लागतं. पण तेवढ्यात तुमचा सल्ला जाहिरात राहत नाही, मैत्रीतला शब्द होतो. समोरचा पहिल्या पगारावर असेल तर त्या अर्ध्या मिनिटाची किंमत एक आठवड्याचं जेवण असू शकते.

माझ्या यादीलाही हेच तीन प्रश्न विचारा. तर हे घ्या डिस्क्लोजर. वरचं सगळं मी स्वतःच्या पैशांनी खाल्लंय आणि वापरलंय, एकदा नाही, अनेकदा. फक्त ती लांब दांड्याची छत्री आईने घेऊन दिली आहे. म्हणजे स्पॉन्सर्ड! सांगितलेलं बरं.