घरच्या बाईच्या कामाचे मोल



अपघातात घरची बाई गेली की 'ती कुठे कमवत होती?' असे विचारून भरपाई कमी करू पाहतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा ५ जानेवारी २०२१ चा निकाल आपल्या लोकांना ठाऊक हवा. २०१४ साली दिल्लीत मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे नवरा-बायको गेले. मागे दोन लहान मुली राहिल्या. न्यायाधिकरणाने ४० लाख ७१ हजार दिले, उच्च न्यायालयाने ते २२ लाखांवर आणले, सर्वोच्च न्यायालयाने ३३ लाख २० हजार केले. गृहिणीच्या कामालाही दाम आहे आणि तो पुढे वाढला असता, हेही धरायला हवे, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट केले.

पण यात जवळजवळ सात वर्षं गेली. गरीब घर तेवढं थांबत नाही; हाती पडेल त्यावर सही करून मोकळं होतं. 'मेलेल्या माणसाचे पैसे कसले मागायचे?' असंही कुणी म्हणतं. अहो, ती हाव नव्हे, पोरांच्या जेवणाचा नि शाळेचा हक्क आहे. आपण मयताला जातो, मिस्सा सांगतो, ते योग्यच. पण पोलिसांची कागदपत्रं, दाखले, वकील यांसाठी त्या घराबरोबर कोण हिंडणार? प्रत्येक पॅरिशने दोन जाणती माणसं यासाठी नेमावीत. विधवा आणि पोरक्यांची काळजी घ्या, असं आपण वेदीसमोर ऐकतो; ती कोर्टाच्या पायरीपर्यंतही जायला हवी.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव