आई कुठे काय वाचते? : मराठी समीक्षेतील एका अनुपस्थित वाचकाविषयी

मराठी समीक्षेने वाचकाला आजवर बरीच नावे दिली आहेत. सहृदय, रसिक, जाणकार, अभिरुचिसंपन्न. आणि पाश्चात्त्य सिद्धान्तांचा परिचय झाल्यानंतर अभिप्रेत वाचक. या सर्वांमध्ये एक गुण समान आहे, आणि त्याचा उल्लेख मात्र सहसा कोणी करीत नाही : या वाचकापाशी वेळ आहे. त्याने पुस्तक उघडल्यापासून ते मिटेपर्यंत दाराची घंटा वाजत नाही, दूध उतू जात नाही, मुलाला ताप चढत नाही. साहित्यकृतीची एकात्मता, तिची संरचना, तिचा समग्र अनुभव असे शब्द समीक्षा वापरते तेव्हा ती कृतीविषयी जेवढे बोलते तेवढेच या निर्विघ्न वाचकाविषयीही गृहीत धरून चालते.

याच्या नेमका विरुद्ध असा एक वाचक समीक्षेच्या भाषेत वावरतो, पण तो केवळ शेरा म्हणून. एखादी कादंबरी हलकी ठरवायची असली की ती 'गृहिणींच्या दुपारच्या वाचनाची' आहे असे म्हटले की काम भागते. कृतीचे विश्लेषण करण्याची मग गरज उरत नाही. ती कोणाला आवडते हे सांगणे म्हणजेच तिचे मूल्यमापन. दूरचित्रवाणीवरील मालिकांच्या बाबतीत तर एवढेही कष्ट घेतले जात नाहीत. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांची औषधे यांतून जी स्त्री महिन्याकाठी दोन पुस्तके वाचते आणि दोन मालिका पाहते, तिच्या आवडीला 'आवड' म्हणतात. समीक्षकाच्या आवडीला 'अभिरुची' म्हणतात. हा भेद सिद्धान्तातून आलेला आहे की सवयीतून, हे तपासण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

समजा, जानेवारी २०२१ मध्ये, मुलांची शाळा आणि घरातल्यांची कचेरी दोन्ही घरातच भरत असताना, अशा एखाद्या आईने महिन्याभरात आवडलेल्या गोष्टींची यादी केली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', तिसऱ्यांदा, मिळेल त्या पानापासून. निजताना मुलाला वाचून दाखवलेला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. डिसेंबर २०१९ पासून चालू असलेली 'आई कुठे काय करते!' ही मालिका, कणीक मळता मळता, सासूबाईंच्या सोबतीने. आणि त्याच महिन्यात आलेला 'गुल्लक' या हिंदी मालिकेचा दुसरा हंगाम, सगळे निजल्यावर, आवाज बारीक करून. या यादीकडे पाहून समीक्षक हसेल. अभिजात आत्मचरित्र, बालसाहित्य, दैनंदिन मालिका यांची अशी सरमिसळ म्हणजे अभिरुचीचा अभावच, असे त्याला वाटेल.

वस्तुतः या सरमिसळीला एक तत्त्व आहे. यादीतील चारही गोष्टी मध्येच सोडता येतात आणि त्यांच्याकडे परत येता येते. 'स्मृतिचित्रे' लहानलहान प्रसंगांनी विणलेली आहेत. त्यांतला एक प्रसंग डाळ शिजेपर्यंत वाचून होतो आणि तरीही तो अर्धवट वाटत नाही. बन्या फेणेचे संकट प्रकरणागणिक नवे असते, आणि त्याचा तो 'ट्टॉक्' डोळ्यांपेक्षा कानांसाठी लिहिलेला आहे. दिवसभराच्या कामाने थकलेल्या आवाजातही तो जिवंत राहतो. दैनंदिन मालिकेत जे दिसते ते बहुधा संवादांतूनही सांगितले जाते, त्यामुळे पाठ फिरवून पोळ्या लाटणारीला कथा तुटल्यासारखी वाटत नाही. 'गुल्लक'मध्ये मिश्रा कुटुंबाची एक छोटी गोष्ट एका भागात पुरी होते. या आईने कृतीच्या रूपाविषयीच निर्णय दिला आहे. त्या निर्णयासाठी तिच्याजवळ परिभाषा नाही हे खरे. पण ती मराठी समीक्षेजवळ तरी कुठे आहे?

परिभाषा नसण्याचे कारण इतिहासाचा अभाव हे नव्हे. मराठीतील सामाजिक कादंबरी तुकड्यातुकड्यांनीच जन्मली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली जे साप्ताहिक काढले त्याचे नाव 'करमणूक'. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्याच साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुनेची कहाणी तिच्या पहिल्या वाचकांनी आठवड्याच्या अंतराने, मधल्या सात दिवसांच्या कामांसह वाचली. आज जो शब्द समीक्षा दूषण म्हणून वापरते, तो शब्द मराठीतील एका श्रेष्ठ कादंबरीच्या पाळण्यावर कोरलेला आहे. पुढे 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि १९३० मध्ये किर्लोस्करांचे 'स्त्री' मासिक निघाले. नियतकालिकांच्या या परंपरेने मराठी घरात वाचनाचा वक्तशीर पण खंडित असा एक प्रवाह आणून सोडला. समीक्षेने या कादंबऱ्या ग्रंथरूपात वाचल्या, ग्रंथरूपातच त्यांची मीमांसा केली, आणि त्या ज्या खंडांतून वाचल्या गेल्या ते खंड बांधणीच्या शिलाईत हरवून गेले.

स्त्रियांचे वाचन तर सुरुवातीपासूनच विघ्नांच्या पोटात वाढले. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० मधील पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. रात्री पतीकडे शिकायचे आणि दिवसा त्या शिकण्यापायी घरातल्या बायकांची बोलणी ऐकायची, हा त्या वाचनाचा क्रम होता. अशा वाचनातून जी जाणीव घडते ती शांत अभ्यासिकेत घडलेल्या जाणिवेपेक्षा वेगळी असते. ती कमअस्सल असते असे म्हणायला मात्र कोणताही आधार नाही.

सिद्धान्ताच्या पातळीवर या प्रश्नाची वाट दोन ठिकाणी अडली. पहिले ठिकाण म्हणजे मर्ढेकर. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाने मराठी समीक्षेला संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची जी दृष्टी दिली तिचे ऋण मोठे आहे. परंतु लयीचे हे नाते प्रत्ययाला येण्यासाठी संपूर्ण कृती एकसंधपणे मनात धरणारा वाचक लागतो, आणि तो कोठून येतो हा प्रश्न त्या विचारव्यूहात उद्भवतच नाही. दुसरे ठिकाण म्हणजे 'सहृदय' या संज्ञेचा मराठीत झालेला सैल वापर. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला आहे तो सहृदय, हे अभिनवगुप्ताचे विवेचन आवर्जून सांगितले जाते. त्याच अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत, ही गोष्ट मात्र परीक्षेपुरती पाठ केली जाते.

या सातांपैकी एक विघ्न आहे निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षकाचे स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतून पडणे. ते दूर कसे करायचे? अभिनवगुप्त प्रेक्षकाला दोष देत नाही. संगीत, नाट्यमंडपाची शोभा इत्यादी उपाय त्यासाठीच योजलेले असतात, असे तो सांगतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. एकाग्रता हा प्रेक्षकाचा केवळ उपजत गुण नव्हे. ती कोणीतरी निर्माण करावी लागते, तिच्यासाठी मंडप उभारावा लागतो. एका सहस्रकापूर्वीचा हा काश्मिरी आचार्य या बाबतीत आधुनिक समीक्षेपेक्षा अधिक प्रांजळ होता. आधुनिक समीक्षेने मंडप नजरेआड केला आणि त्यात बसलेल्याच्या एकाग्रतेला त्याची स्वतःची गुणवत्ता मानले.

हा मंडप कोण उभारते? भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या, आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली. दोघांमधले अंतर मात्र जवळजवळ जेथल्या तेथे राहिले. हे आकडे साहित्यबाह्य म्हणून बाजूला सारता येणार नाहीत. समीक्षकाची दुपार अखंड राहते ती घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी दुपार खंडित झालेली असते म्हणून. चहा वेळेवर टेबलावर येतो, मुले दुसऱ्या खोलीत सांभाळली जातात, आणि या शांततेत बसून तो लिहितो की अमुक कादंबरी गृहिणींच्या वाचनाची आहे. 'गंभीर वाचक' ही कोटी अशा प्रकारे घरातल्या श्रमविभागणीवर उभी आहे, आणि त्या विभागणीवर गुणवत्तेचा शिक्का मारण्याचे काम समीक्षा करीत आली आहे. वर उल्लेखिलेल्या मालिकेचे शीर्षक हे आईच्या कामाविषयी घराघरांत बोलले जाणारे एक बेफिकीर वाक्य आहे. आई कुठे काय वाचते, हे समीक्षेचे वाक्य त्याच चालीवरचे आहे.

पाश्चात्त्य सिद्धान्तनात या दिशेने काही विचार झाला आहे. वोल्फगांग इझरने क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीची चर्चा करताना डिकन्सच्या वाचकांचा दाखला दिला आणि दोन हप्त्यांमधला खंड वाचकाच्या कल्पनेला कामाला लावतो असे दाखवले. टानिया मोडलेस्की यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील दुपारच्या मालिकांची रचना गृहिणीच्या तुटक कामाच्या लयीशी जुळती असल्याचे मांडले. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रेमकथा वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास करून वाचनाची क्रियाच कुटुंबाकडून स्वतःसाठी वेळ मागून घेणारी असते असे प्रतिपादन केले. मराठीत इझरचे नाव आले ते वाचककेंद्री समीक्षेच्या गोषवाऱ्यात; त्याचा हप्त्यांविषयीचा विचार 'करमणूक'च्या फायलींपर्यंत पोहोचलाच नाही. अर्थात मोडलेस्की किंवा रॅडवे यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलूनही चालणार नाही. रॅडवे यांची वाचक पुस्तक घेऊन एकटी होते. मराठी घरातली मालिका दिवाणखान्यात, तीन पिढ्यांच्या देखत पाहिली जाते. सुनेने काय सहन करावे यावर सासू आणि सून एकाच सोफ्यावर बसून, पडद्याकडे पाहत, एकमेकींना ऐकू जाईल असे बोलतात. या सामूहिक आणि काहीशा तिरकस अर्थनिर्णयनाची मीमांसा इथेच व्हायला हवी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जे आवडते ते सगळे चांगले असे म्हणायचे आहे काय? तसे नाही. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासकांचा एक वर्ग अलीकडे प्रत्येक मालिकेत बंडखोरी शोधून देतो. तोही त्या आईचा अपमानच करतो, कारण तिला भले-बुरे कळते यावर त्याचाही विश्वास नसतो. दैनंदिन मालिकेची लांबी कथेच्या गरजेने ठरत नाही, प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांनी ठरते. त्यामुळे संकटे ताणली जातात, आणि सोसणाऱ्या स्त्रीचे सोसणे हेच भांडवल होऊन बसते. हे समीक्षकाने सांगण्याची वाट ती आई पाहत नाही. 'आठवडाभर पाहिली नाही, पण काही चुकले नाही,' असे ती सहज म्हणून जाते. दैनंदिन मालिकेवर याहून नेमकी टीका क्वचितच झाली असेल.

तिच्या या उद्गारातच एक निकष दडलेला आहे. व्यत्यय सोसणाऱ्या कृती दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार असा की तिच्यातून उठून जाता येते, पण जे मागे राहिले ते हातचे गेले याची हुरहुर लागते आणि परत यावे लागते. दुसरा असा की तिच्यातून कितीही वेळ उठून गेले तरी काही बिघडत नाही, कारण बिघडावे असे तिच्यात काही नसतेच. 'स्मृतिचित्रे' पहिल्या प्रकारात मोडतात. रेंगाळलेल्या मालिकेचे महिनेच्या महिने दुसऱ्या. सलग वाचणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही, कारण तो उठतच नाही. तो जाणवतो उठावे लागणाऱ्याला. व्यत्यय हा आस्वादाचा शत्रू आहे एवढेच खरे नाही. तो कृतीची परीक्षाही घेतो.

काही कृती मात्र अखंड अवधान मागतात आणि त्यांचा तो हक्क आहे. अशी कादंबरी या आईच्या यादीत नसेल तर तो तिच्या रुचीचा दोष ठरत नाही. तिला सलग चार तास कोणी मोकळे करून दिले नाहीत एवढेच त्यावरून सिद्ध होते. तेव्हा तिने अधिक गंभीर वाचावे असा उपदेश करणाऱ्याने आधी दुपारची भांडी घासावीत आणि मग तिच्या यादीत काय बदलते ते पाहावे.

मराठी समीक्षेपुढची कामे यातून स्पष्ट होतात. हप्त्यांनी प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या हप्त्यांच्या क्रमाने, मूळ अंकांतून पुन्हा वाचायला हव्यात. वाचकांची पत्रे, वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या आणि घरोघरी केल्या जाणाऱ्या आवडत्या पुस्तकांच्या व मालिकांच्या याद्या यांना समीक्षेची सामग्री मानायला हवे. मालिकेला तिच्या रूपासह समीक्षेच्या कक्षेत घ्यायला हवे. स्तुतीसाठी नव्हे, विवेचनासाठी. आणि वाचकाविषयी बोलताना प्रत्येक वेळी विचारायला हवे की त्याला वेळ कोणी दिला. हा प्रश्न टाळून रचलेला आस्वादाचा कोणताही सिद्धान्त घरातल्या एकाच माणसाच्या अनुभवावर उभा राहील, आणि त्या माणसाला वाचता यावे म्हणून जी उठून गेली तिचा अनुभव त्यात कोठेही नसेल.