घरचा व्यवहार : आत्यांचें जुनें खातें

खर्ड्याच्या आमच्या घराचें माळवद पावसाळ्यापूर्वीं उतरविलें, तेव्हां जुन्या फडताळांतील कागद वाळवीनें खाल्लेले आढळले. त्यांतच आत्यांचें पासबुक गेलें. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भगिनी. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, त्या माहेरीं परतल्या, आणि शिवणकामावर मिळालेल्या पैशांतून चार रुपये बँकेंत टाकीत राहिल्या. असें कांहीं खातें आहे हेंच घरांत कोणास ठाऊक नव्हतें. दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहींत, तेव्हां तें उघडकीस आलें.

भावोजी तडक बँकेंत गेले आणि हात हालवीत परत आले. पुतण्या झाला तरी त्यास माहिती देतां येत नाहीं, असें तेथील अधिकाऱ्यांनीं सांगितलें होतें. भावोजी संतापले, मला मात्र अधिकाऱ्यांचें म्हणणें रास्त वाटलें. खातेदार बाई घरांत धडधाकट असतां तिच्या पैशाची चौकशी परस्पर करावयाची कशाला? आत्यांनीं खातें झांकून कां ठेविलें, याचें उत्तरही मला वाटतें यांतच होतें.

जुन्या गॅझेटियरांत खर्डा हें सावकार-व्यापाऱ्यांचें गांव म्हणून नोंदलें आहे. सावकाराची पेढी बाप गेल्यावर मुलगा चालवी. चोपडी कोठें आहे हें साऱ्या गांवास माहीत. बँकांची मात्र नांवेंच बदलतात. आमच्या शेजारच्या मराठवाड्यांत ठिकठिकाणीं शाखा असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजीं भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्यें आयडीबीआयमध्यें, तर सांगली बँक २००७ मध्यें आयसीआयसीआयमध्यें गेली. पाटी उतरली तरी ठेवीची जबाबदारी नव्या बँकेवर येते; म्हणून आपली शाखा आज कोणाची, हें आधीं पाहावें. संगणक आल्यावर खात्यांचे क्रमांकही लांबलचक झाले, परंतु जुन्या क्रमांकावरून नवा काढतां येतो. आत्यांच्या व्रतकथांच्या पोथींत भरणा-पावतीचा अर्धा कपटा निघाला. त्यावर चारच आंकडे शाबूत होते.

शिवण सुटून बारा वर्षें झालेलीं. दोन वर्षें खातेदाराकडून देवघेव न झाल्यास खातें निष्क्रिय ठरतें, आणि दहा वर्षें तसेंच राहिल्यास रक्कम रिझर्व्ह बँकेनें २०१४ मध्यें स्थापिलेल्या ठेवीदार शिक्षण व जागृति निधींत जाते. जाते म्हणजे बुडते असें नव्हे. ती आपल्याच बँकेकडे केव्हांही मागतां येते, आणि बँक मागाहून निधींतून वसूल करते. अशा ठेवी शोधण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें ‘उद्गम’ हें संकेतस्थळ उघडलें. त्यावर नांव सांपडल्यास एक संदर्भ-क्रमांक मिळतो, तो शाखेंत दाखवावयाचा. मार्च २०२४ पर्यंत त्यांत ३० बँका आल्या होत्या. आपली बँक त्यांत नसल्यास शाखेंतच विचारावें लागतें.

आमच्या चिरंजीवांनीं आत्यांचें नांव घालून पाहिलें; कांहींच निघेना. आधारपत्र, शिधापत्रिका सर्वत्र माहेरचेंच आडनाव. आत्या माजघरांत वाती वळीत होत्या, त्या तेथूनच म्हणाल्या, “अरे, तिकडचें नांव घालून बघ.” सासरचें आडनाव घातलें आणि खातें सांपडलें. साठ वर्षांत तें आडनाव या घरांत कोणी उच्चारलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं भावोजी पुन्हां बँकेंत गेले, परंतु या वेळीं आत्यांस बरोबर घेऊन. बँकेनें लेखी अर्ज, छायाचित्र, आधार व पॅन, आणि दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं असल्याचें प्रतिज्ञापत्र मागितलें. या प्रतिज्ञापत्रापायीं आणखी दोन खेपा झाल्या. खातें पुन्हां चालू करण्यास मात्र कांहीं आकार पडला नाहीं; तो घेऊं नये असा रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२४ पासून नियमच आहे. नव्या पासबुकावर पहिली ओळ छापून आली, तेव्हां आत्यांनीं चष्मा काढून ती डोळ्यांपाशीं धरली. आंकडा त्यांनीं सांगितला नाहीं, आम्हींही विचारला नाहीं.

निघतांना त्यांनीं वारसनोंदणीचा कागद मागून घेतला. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चौघांपर्यंत नांवें लावतां येतात. भावोजी दाराशीं जाऊन उभे राहिले. आत्यांनीं लिहून दिलें, घडी घातली आणि साहेबांच्या हातीं ठेविली.

त्यांत किती नांवें आहेत, हें घरांत अद्याप कोणास ठाऊक नाहीं.