पट्टा बदलला, वेळ नाही

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या व्हॅनच्या एसीचा कंप्रेसर जाम झाला. अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला असता तर इंजिनही तापले असते. मेकॅनिकने कंप्रेसर वगळून आखूड पट्टा बसवला. थोडक्यात भागले. या युक्तीला माझा विरोध नाही.

माझी तक्रार स्वतःविरुद्ध आहे. एसी गेला तरी आम्ही लग्नाला निघालो ते भर दुपारीच. म्हटले, काचा उघड्या आहेत की! पण वाचकहो, हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम असली की नुसता वारा अंग निववत नाही. घाम सुकेल तेवढाच गारवा. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही नीट कळत नाही. त्यात आईला रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी चालू. (ती परस्पर बंद करू नये, उन्हाळ्यात आपल्या डॉक्टरांना विचारावे.) दोन तासांत ती असंबद्ध बोलू लागली. सावलीत निजवले, ओल्या पंच्याने अंग पुसत वारा घातला आणि तसेच जवळचे इस्पितळ गाठले. ती वाचली.

डॉक्टर असून ही चूक मी केली. नवा कंप्रेसर बसेपर्यंत आता आमची व्हॅन सकाळी दहाच्या आत मुक्कामी पोचते, नाहीतर निघतच नाही.