‘जाऊ दे’ म्हणू नका

रात्रीच्या जेवणाला सारे एकत्र बसलेले असतात. कुणाच्या तरी बोलण्यावर हशा पिकतो. आजोबा विचारतात, “काय झालं रे?” नातू सहज म्हणतो, “काही नाही आजोबा, जाऊ दे.” आजोबा पुन्हा विचारत नाहीत. पुढे पुढे ते पानावरून लवकर उठू लागतात. श्रवणदोषाने होणारी खरी हानी अशी नकळत सुरू होते.

आपल्या अंतर्कर्णात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. वार्धक्यात प्रथम उच्च पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. स्वरांचा नाद ऐकू येतो. मात्र ‘स’, ‘थ’, ‘ट’ यांसारखी व्यंजने निसटतात. मग ‘सात’, ‘साठ’ आणि ‘हात’ सारखेच भासतात. “ऐकू येतं, पण कळत नाही,” ही तक्रार म्हणजे सबब नव्हे, तर लक्षणाचे अचूक वर्णन आहे.

“मोठ्याने बोल” म्हणणारी व्यक्ती आपण आवाज चढवताच “ओरडतोस कशाला?” म्हणते, याचेही नवल वाटू देऊ नका. अशा कानाला हलका आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटतो. या दोहोंमधला सुखकर पट्टा अरुंद झालेला असतो.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी; कधी कधी साचलेला मळ एवढेच कारण निघते. त्यानंतर श्रवणतज्ज्ञ चाचणी घेऊन श्रवणाचा आलेख काढतात व त्यानुसार श्रवणयंत्र जुळवून देतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात कार्यरत आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे. तेथे विलंब महागात पडतो.

अनेक घरांत श्रवणयंत्र महिन्याभरातच खणात जाऊन पडते. चष्मा लावताच अक्षर स्पष्ट दिसते, तसे येथे घडत नाही. वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूवर पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट आणि स्वतःचाच परका वाटणारा आवाज एकदम आदळतो. त्यातून हवे ते वेचून घेण्यास मेंदूला काही आठवडे लागतात. म्हणून आरंभी शांत खोलीत, रोज एक-दोन तास आणि एकाच व्यक्तीशी संवाद साधावा. मग हळूहळू वेळ वाढवून जागेपणी दिवसभर यंत्र वापरण्याची सवय लावावी. कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे आणि आजोबांनी त्याच मजकुरावरून नजर फिरवावी, हा उत्तम सराव आहे. लग्नाचे कार्यालय ही अखेरची परीक्षा! यंत्र बोचले वा कर्कश वाटले, तर ते काढून न ठेवता श्रवणतज्ज्ञांकडून पुन्हा जुळवून घ्यावे.

पुनर्वसनाचा उरलेला अर्धा भाग आपल्याकडे आहे. स्वयंपाकघरातून हाक मारून बोलू नका. समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आधी नाव घ्या, दूरचित्रवाणीचा आवाज बंद करा. ओरडू नका, थोडे सावकाश बोला. वाक्य कळले नाही, तर तेच शब्द उच्चारण्याऐवजी निराळ्या शब्दांत सांगा.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या जोखमींत श्रवणदोषाचा समावेश केला. याचा अर्थ प्रत्येकाला तो विकार जडेल असा नाही. परंतु संवाद तुटू न देणे किती मोलाचे आहे, हे त्यावरून कळते.

आज रात्री जेवताना कुणी “काय झालं?” असे विचारले, तर तो विनोद पुन्हा सांगा. मघाचे हसू थोडे विरले असेल. पण त्या पानावरचा माणूस आणखी थोडा वेळ आपल्यात बसेल.